ठासणीच्या बंदुकीचा पल्ला



‘पल्ला’ हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. बंदुकीचा पल्ला किती, असें विचारलें कीं कोणी सांगतो पांचशें वार, कोणी सांगतो हजार. गोळी जाऊन पडते कोठें, हा एक प्रश्न. आणि नेम धरलेल्या जागीं लागून ती आपलें काम निश्चित करते कोठपर्यंत, हा अगदीं निराळा प्रश्न. पहिल्या अंतराला आपण ‘पोंच’ म्हणूं आणि दुसऱ्याला ‘पल्ला’. या दोहोंची गल्लत झाल्यामुळें मुकीं जनावरें हाल होऊन मेलीं आहेत आणि माणसेंही प्राणांस मुकलीं आहेत. म्हणून ठासणीच्या बंदुकीची गोल गोळी आणि तिच्यासमोर उभें असलेलें मोठें हरीण, एवढाच विषय आज घेतला आहे.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. आपल्या देशांत १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि सांबराची शिकार हा गुन्हा आहे. तेव्हां हें शिकारीचें शिक्षण नव्हे. परंतु शेतीच्या राखणीसाठीं परवान्यानें दिलेल्या ठासणीच्या बंदुका कोंकणांत अजूनही आढळतात. आणि अमेरिकेच्या कांहीं राज्यांत तर एल्क नांवाच्या थोरल्या हरणासाठीं अशा बंदुकांचा स्वतंत्र हंगाम राखून ठेवलेला असतो. एल्क आपल्याकडे नाहीं; काश्मीरचा हांगूल हा त्याचा जवळचा नातलग. मौज अशी कीं, एकोणिसाव्या शतकांत सिलोनांतील इंग्रज शिकारी सांबरालाच एल्क म्हणत. सॅम्युएल बेकरच्या सिलोनवरील प्रसिद्ध ग्रंथांतला एल्क म्हणजे सांबरच होय. आपणही सांबरच डोळ्यांपुढें ठेवूं. पुरा वाढलेला नर खांद्याशीं चार-साडेचार फूट उंच आणि वजनानें अडीचशें किलोंच्या आसपास असतो.

आतां बंदुकीकडे वळूं. नळीच्या तोंडांतून दारू ओतावयाची, तिच्यावर चिंधीचा बोळा गजानें ठासावयाचा, मग शिशाची गोळी बसवावयाची. म्हणून ही ठासणीची बंदूक. पेट देण्यासाठीं प्रथम जळता तोडा होता, मग चकमक आली, आणि एकोणिसाव्या शतकांत तांब्याची टोपी. नळीचें माप सांगण्याची रीतही जुनीच आहे. एक रत्तल शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या होतील, त्या आंकड्यानें नळी ओळखावयाची. बाराच्या नळीची गोळी पाऊण इंचास किंचित् कमी आणि वजनानें सुमारें सव्वातीन तोळे भरते. अर्ध्या इंचाची गोळी मात्र जेमतेम एक तोळ्याची.

गोल गोळीचा मोठा शत्रु हवा आहे. ही गोष्ट इंग्लंडांतील बेंजामिन रॉबिन्स यानें १७४२ सालीं सिद्ध केली. त्यानें जड लोलकावर गोळी मारून, लोलक किती झुलतो त्यावरून तिचा वेग काढला, आणि हवेचा विरोध पूर्वीच्या पंडितांच्या कल्पनेहून कितीतरी अधिक असल्याचें दाखविलें. गोल आकार हवा कापण्यास वाईट. अर्ध्या इंचाची गोळी सेकंदास १९०० फूट वेगानें निघाली, तर १०० वारांवर तो वेग सुमारें तीन-पंचमांश उरतो. आघाताचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलतो. म्हणजे तेथें मूळ जोराचा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भागच शिल्लक राहतो.

यावर जुन्या लोकांनीं शोधलेला उपाय साधा होता: गोळी मोठी करा. व्यास दुप्पट केला तर हवेला सामोरा जाणारा भाग चौपट होतो, पण वजन आठपट होतें. त्यामुळें मोठी गोळी आपला वेग अधिक काळ राखते. बेकर जड गोळीचा आणि भरपूर दारूचा पुरस्कर्ता होता, तो याच कारणानें. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत एल्कसाठीं अर्ध्या इंचाहून लहान नळीची ठासणीची बंदूक चालत नाहीं, त्यामागेंही हेंच तत्त्व आहे.

दुसरी अडचण गुरुत्वाकर्षणाची. शाळेंतलें गणित आठवा: सुटलेला पदार्थ टी सेकंदांत १६ गुणिलें टीचा वर्ग इतके फूट खालीं येतो. साध्या नळीच्या गोळीचा सरासरी वेग सेकंदास १२०० फूट धरला, तर १०० वार, म्हणजे ३०० फूट, जाण्यास तिला पाव सेकंद लागतो. तेवढ्यांत ती नळीच्या रेषेखालीं एक फूट उतरते. दीडशें वारांस वेग आणखी घटून सुमारें चार-दशांश सेकंद लागतात आणि उतार अडीच फुटांवर जातो! आमच्या एडवणच्या वाळूंत शंभर आणि दीडशें वारांवर दोन काठ्या रोवून पाहाव्या. या दोन अंतरांतील फरक डोळ्यांना भासत नाहीं. पण गोळीला तो दीड फुटाचा आहे.

तिसरी अडचण नेमाची. साध्या नळींत गोळी थोडी सैल असते. ती नळीच्या अंगाला घांसत, कशीही गिरकी घेत बाहेर पडते आणि त्या गिरकीमुळें वाट सोडते. हेंही रॉबिन्सनेंच दाखविलें. कर्नल जॉर्ज हँगर यानें १८१४ सालीं सैनिकाच्या बंदुकीचा भरंवसा ८० वारांपर्यंत, फार तर १०० वारांपर्यंत मानला. आणि तोही उभ्या माणसाएवढ्या निशाणावर. नळींत पिळाच्या खांचा पाडल्या कीं गिरकी नियमित होते, तीच रायफल. मध्यप्रांताच्या जंगलांत वावरलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ यानें आपल्या पुस्तकांत गोल गोळीसाठीं अगदीं मंद पीळ सुचविला: १०४ इंचांत एक वेढा. पीळ जलद असेल तर भरपूर दारूच्या धक्क्यानें गोळी खांचा सोडून सरळ घसरते. मंद पिळांत ती टिकते.

आतां हिशेब जुळवूं. सांबराचें शरीर मोठें, पण काळीज आणि फुप्फुसें यांची जागा जेवणाच्या ताटलीएवढीच. गोळी त्या वर्तुळांत हटकून बसली पाहिजे आणि आंत शिरण्यास तिच्यांत जोर उरला पाहिजे. या दोन्ही अटी लावल्या कीं साध्या नळीचा पल्ला ४०-५० वारांवर थांबतो. अर्ध्या इंचाच्या रायफलीचा ७५ वारांच्या आसपास. आणि जड गोळीच्या उत्तम रायफलीचा, कसलेल्या हातांत, १०० वार. त्यापुढें गोळी लागत नाहीं असें नव्हे. लागते, पण पोटांत किंवा पायांत. मग तें जनावर मैलोगणती धांवतें आणि एखाद्या ओढ्यांत दोन दिवसांनीं मरतें.

आणि गोळी पल्ल्याबाहेर गेली म्हणून निरुपद्रवी होत नाहीं. जोर घटला तरी शेंकडों वारांवर माणसाचा जीव घेण्याइतका तो उरतो. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत तारापूरच्या किल्ल्यापुढें बाजी भिवराव रेठरेकर यांच्यासारखा शूर सरदार एका गोळीनेंच पडला. तें युद्ध होतें. परंतु २०२५ च्या जानेवारींत आमच्याच पालघर तालुक्यांत, बोरशेतीच्या रानांत, डुकराच्या शिकारीस गेलेल्या मंडळींच्या गोळीनें त्यांचाच सोबती ठार झाला. तेथें प्रश्न पल्ल्याचा नव्हता. समोर काय आहे हें न ओळखतां चाप ओढण्याचा होता.

ज्याच्या घरीं राखणीची बंदूक आहे, त्यानें म्हणून दोन अंतरें मनांत पक्कीं ठेवावीं. पल्ला ५० वारांचा; पण जबाबदारी मात्र पोंचेइतकी, म्हणजे गोळी जेथें जाऊन पडेल तेथपर्यंतची. आमच्या एडवण-केळवें पट्ट्यांत वाड्या एकमेकींस खेटून आहेत. कुंपणापलीकडे कोणाचें तरी अंगण असतेंच. झुडूप हललें, काळोखांत कांहीं खसफसलें, एवढ्यावर बार काढण्याचा हक्क कोणालाही नाहीं. जुन्या कसलेल्या शिकाऱ्यांची थोरवी त्यांनीं उडविलेल्या बारांत नव्हती. अंतर मोजून, खांद्यावरची बंदूक ज्या वेळीं त्यांनीं खालीं घेतली, त्या वेळीं ती दिसत असे.