मुदतबाह्य दुःखाचा हिशेब

(एका अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



दिवाणी दावा किती काळात दाखल करावा याची मर्यादा बहुतेक देशांचे कायदे घालून देतात. सावकाराने तीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी पुढे करून ऋणकोच्या नातवाला कोर्टात खेचू नये, हा त्यामागील हेतू न्याय्यच आहे. मुदतीच्या कायद्याने दुबळ्याला पुष्कळदा वाचविले आहे. परंतु हाच नियम बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या माणसाला लावला, की त्याचे स्वरूप पालटते. येथे आश्रय मिळतो तो बलवानाला.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात २०१९ पर्यंत अशा व्यक्तीला अत्याचार करणाऱ्याविरुद्ध फार तर वयाच्या २३ व्या वर्षापर्यंत दावा करता येई. दहा वर्षांच्या मुलाला घडल्या प्रकाराला नावही देता येत नाही. अत्याचारी माणूस धर्मगुरू असतो, शिक्षक असतो, कधी घरातलाच वडीलधारा असतो; आईबाप त्याला देवमाणूस मानीत असतात. बोलण्याचे बळ पुष्कळांना चाळिशी-पन्नाशीत येते. कधी आईबाप गेल्यावर, कधी स्वतःचे मूल त्याच वयाचे झाल्यावर. तोवर मुदत केव्हाच उलटलेली असते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडायचे तर मुदत संपल्याने नुकसान नाहीसे होत नाही. ते कोणाच्या खाती पडावे एवढेच ठरते. मोडलेले शिक्षण, सुटलेल्या नोकऱ्या, औषधोपचार, विस्कटलेले संसार यांचा खर्च कोणीतरी भरतच असतो. कारखान्याने विषारी पाणी नदीत सोडावे आणि दवाखान्याचे बिल खालच्या गावांनी भरावे, तसाच हा प्रकार. ज्या संस्थेने तक्रार दडपून गुन्हेगाराची दुसऱ्या गावी बदली केली, तिचा ताळेबंद मात्र निष्कलंक राहतो. मौन जितके लांबवावे तितके ते किफायतशीर!

न्यूयॉर्कमध्ये हा नियम बदलणारे विधेयक खालच्या सभागृहाने अनेकदा संमत केले व वरिष्ठ सभागृहात ते वर्षानुवर्षे अडले. कॅथलिक चर्चच्या जोडीने विमा व्यवसायानेही विरोध केला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जोखमीचा हप्ता घेतलेला होता. भरपाईची वेळ आली तेव्हा घड्याळाचा आधार हवासा वाटला. अखेर २०१९ साली वयोमर्यादा ५५ झाली आणि मुदतबाह्य दाव्यांसाठी एक वर्षाचे दार उघडले. कोरोनाच्या साथीमुळे ते ऑगस्ट २०२१ पर्यंत खुले राहिले. दहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले. पुरावा जुना झाला, साक्षीदार मेले, हा आक्षेप खोटा नाही. पण सिद्ध करण्याचा भार वादीवरच राहतो. दार उघडणे म्हणजे निकाल देणे नव्हे. शिवाय कागद बहुधा संस्थेच्याच कपाटात असतात. पेनसिल्व्हेनियात २०१८ साली ग्रँड ज्यूरीने सहा धर्मप्रांतांची दप्तरे तपासली, तेव्हा तीनशेहून अधिक धर्मगुरूंची व हजारांहून अधिक मुलांची प्रकरणे बाहेर आली. त्या राज्यात जुन्या दाव्यांसाठी घटनादुरुस्तीचा मार्ग धरला गेला. २०२१ साली ती मतदारांपुढे जायची, तर सरकारी खात्याकडून आवश्यक जाहिरात द्यायचीच राहून गेली! सारी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून.

समाजवाद्यांना अवघड वाटणारा प्रश्न निराळाच आहे. कॅलिफोर्नियाने २०२० पासून असेच दार उघडले, आणि २०२५ साली लॉस एंजेलिस काउंटीने सहा हजारांहून अधिक दाव्यांपोटी चार अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. हा पैसा करदात्यांचा. त्यातून दवाखाने व कल्याणयोजना चालतात. काही दावे बनावट असल्याचे आरोप झाले व त्यांची चौकशीही सुरू झाली. तरीही ही मुले कोण होती? पुष्कळशी सुधारगृहांत आणि सरकारी बालगृहांत ठेवलेली, बहुतांशी गरिबांची. राज्यसंस्था स्वतःच त्यांची पालक होती. चर्चकडून हिशेब मागणाऱ्याने सरकारी बालगृहाला सूट कोणत्या तत्त्वावर द्यावी? खोटे दावे छाननीने वगळावेत, रक्कम हप्त्यांनी द्यावी. खऱ्या दाव्याचे दार त्यासाठी बंद करता येत नाही.

भारतात १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला सज्ञान झाल्यावर फार तर तीन वर्षे मिळतात; म्हणजे नुकसानभरपाईचा दावा २१ व्या वर्षी संपतो. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या २०१२ च्या कायद्याखालील तक्रारीला कालमर्यादा नाही, असे केंद्र सरकारने २०१८ साली स्पष्ट केले. त्या कायद्याखाली विशेष न्यायालय भरपाईही देववू शकते, परंतु २०२० च्या नियमांनुसार ती राज्य सरकारने द्यावयाची असते. प्रकरण दडपणारी शाळा वा वसतिगृहाचा विश्वस्त त्यात कोठे येत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग दिवाणी दाव्याचाच, आणि तो एकविसाव्या वर्षी बंद. तीन वर्षांची ही सीमा मुदतीच्या कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. बालपणीच्या लैंगिक अत्याचाराचे दावे तिच्यातून वगळणारे एक परंतुक तेथे जोडता येईल, आणि त्याचा मसुदा चार ओळींहून मोठा होणार नाही.