थेट बोलायचं, की सवडीनं?



मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागलं.
मग राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम आली.
धडे फोनवर येऊ लागले.

पण फोन कुणाकडे?
आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी असो, मारेगाव असो की झरी जामणी,
कितीतरी घरांत फोन एकच.
तो बाबांच्या खिशात. आणि बाबा वावरात.
मग सकाळच्या थेट वर्गाला पोरगी बसणार कशी?

थेट वर्गात शंका लगेच फिटते.
पण रेंज गेली, की वाक्य अर्ध्यावर तुटतं.

रेकॉर्ड केलेला धडा मात्र थांबतो.
मागे नेता येतो.
संध्याकाळी फोन घरी आला, की ऐकता येतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली.
पहिली ते आठवीच्या मुलांसाठी.
टीव्हीला इंटरनेट लागत नव्हतं.
पण वेळ चुकली, की भाग गेला.
आमच्या रेडिओचंही तेच, हे कबूल!

आता घरून काम करणाऱ्यांसाठी.
यवतमाळात बसून पुण्याचं ऑफिस सांभाळणारे आहेतच.
साध्या निरोपासाठी दहा जणांची मीटिंग कशाला?

म्हणून सांगते.
माहिती द्यायची, तर सवडीनं पाठवा.
शंका असेल, वाद असेल, तर थेट बोला.

आणि व्हॉइस मेसेज पाठवताना,
आधी विषय सांगा.
उत्तर कधीपर्यंत हवं, तेही सांगा.
निरोप मिनिटभरात संपवा.