वाढवलेल्या बांगड्यांचा मोर

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



बांगडी फुटली असे आपण म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण ती जाते शेवटी केरातच. चंदीगडच्या नेकचंद यांनी मात्र ती केरातून उचलली. ते सरकारी बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक होते. फुटक्या कपबशा, फरशा, बांगड्या साठवून त्यांनी रानात गुपचूप माणसे आणि पशुपक्षी घडवले. १९७६ साली ती बाग सर्वांना खुली झाली. तेच आजचे ‘रॉक गार्डन’. तेथे बांगड्यांची वस्त्रे ल्यालेल्या बायका मी पाहिल्या आणि घरी येऊन अंगणात एक मोर केला. पहिल्याच पावसात त्याचा पिसारा खाली आला!

चूक माझीच. मी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरले होते. ते पावसात टिकत नाही. उघड्यावरच्या मूर्तीला सांगाडा लोखंडी सळईचा करावा. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी घट्ट बांधावी. मग एक भाग सिमेंट आणि तीन भाग धुतलेली वाळू कालवून लिंपावी. सळईवर इंचभर तरी थर हवा. नाहीतर आत ओल पोचते, लोखंड गंजून फुगते आणि सिमेंट तडकते. थर ओला असतानाच त्यावर चरे ओढावेत, म्हणजे वरचा थर धरून राहतो. नंतर आठवडाभर ओले पोते पांघरावे.

जडवण्याचा वरचा थर तासाभरात पुरा होईल तेवढाच लावावा आणि तुकडा निम्मा आत दाबावा. काच पाणी पीत नाही, म्हणून बांगडी उत्तम. भिंतीच्या मऊ फरशा पाणी पितात, त्या घेऊ नयेत. पाणी साचेल असा खळगा कोठे ठेवू नये. हा थरही आठवडाभर ओला राहू द्यावा. सिमेंट हात खाते, तेव्हा रबरी मोजे घाला. तुकडे फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

यंदा मंडळाच्या अंगणात असा मोर करायचा आहे. मागच्या सभेनंतर आपल्यातल्याच एका वयस्क बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, “हे गेले तेव्हाच्या माझ्या बांगड्या डबीत आहेत. त्या चालतील का गं?”

भगिनींनो, बांगडी कोणाची, हे सिमेंट विचारत नाही. मग आपण तरी का विचारावे? त्यांच्या बांगड्या पिसाऱ्याच्या मधोमध बसतील. बाकीच्यांनी आपापल्या दाराजवळच्या डब्यात टाकाव्यात, एवढीच विनंती.