रॉक मशीनचं काय उरलं?



‘गाण्यावर बोल’ असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात भावगीतं असणार. मला बोलायचंय ‘रॉक मशीन’वर. मागच्या बाकांवरच्या चौघांना आठवेल, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

हा बँड मुंबईत १९८४ साली निघाला. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटार वाजवायचा. कॉलेजांचे कार्यक्रम आणि धोबी तलावाजवळचं उघडं रंगभवन, एवढंच त्यांचं जग. तेव्हा इंग्रजी बँड म्हणजे परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल, आणि ऐकणाऱ्यांनाही तीच हवी असायची. यांनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही कॅसेट काढली. १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झाले, ‘प्रिटी चाइल्ड’ एमटीव्हीवर दिसू लागलं.

१९९३ आपल्याला वेगळ्या कारणानं पाठ आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटेनंतर कितीतरी रात्री आपण घराबाहेर झोपलो. किल्लारीकडून रोज नवी बातमी यायची. आमच्या गल्लीत सेलवर चालणारा एक टेपरेकॉर्डर होता आणि कुणाच्या तरी भावानं मुंबईहून आणलेली रॉक मशीनची कॅसेट. शब्द निम्मे कळत नव्हते (आमचं इंग्रजी सरांना ठाऊक आहेच). पण त्या दिवसांत एकाही मोठ्या माणसानं ‘बंद करा ते’ म्हटलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे नांदेडला शिकायला गेलो. तिथं आम्ही तिघांनी बँड काढला. एक गिटार, एक डबा आणि एक हलगी! हलगीवाला आमच्यात सगळ्यात तयारीचा होता. पण वाजवायला जागाच मिळेना. दोन महिन्यांत सगळं संपलं.

इंडस क्रीड १९९७ मध्ये फुटला, २०१० मध्ये पुन्हा जमला, २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व’ हा अल्बमही आला. रंगभवन मात्र शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकलं आणि तिथलं रॉक थांबलं.

आज आपल्याकडची पोरं मराठीत रॅप करतात, ते रॉक मशीनमुळे असं मी म्हणणार नाही. त्यांचं देणं शाहिरीचं आणि मोबाईलचं जास्त. पण दुसऱ्यांची गाणी ऐकायला आलेल्या गर्दीला आपलं गाणं ऐकवायचं, हे धाडस त्या मुंबईच्या पोरांनी आधी केलं होतं.

आता मुद्द्याचं. मेळाव्याच्या निधीतून सीसीटीव्ही बसवावेत, असं समितीचं मत आहे. माझी विनंती वेगळी आहे. प्रयोगशाळेमागची बंद खोली मुलांना वाजवायला मिळावी. हार्मोनियमची दुरुस्ती, दोन गिटार, एक हलगी. लातूर पॅटर्ननं डॉक्टर-इंजिनिअर भरपूर दिले, मीही त्यातलाच. तो अभ्यास चालूच राहील, पण शाळा सुटल्यावर तासभर ती खोली उघडी असावी आणि किल्ली मुलांकडेच असावी.

पहिले पाच हजार माझे. ठराव जेवणानंतर आहे. कुणी लवकर निघू नका.