अँटीबॉडी म्हणजे वांझपणा नव्हे
(शिरूर-दौंड भागातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)

मैत्रिणींनो, ‘वांझ’ हा शब्द आपण गावोगाव ऐकतो. आता लॅबच्या कागदावरून त्याला नवं नाव मिळालंय. “तिच्या रक्तात अँटीबॉडी निघाल्या,” असं सासू सांगते, आणि मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

हे आहे तरी काय? गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर शरीराचीच संरक्षक यंत्रणा उलटते, त्याची खूण म्हणजे टीपीओ अँटीबॉडी. साधारण दहांतल्या एका बाईत त्या सापडतात. त्यातल्या पुष्कळजणींना मुलं होतात. गर्भपाताचा धोका काहीसा वाढतो, तेही लपवू नये.

ग्रंथीचं काम कसं चाललंय, ते टीएसएच सांगतं. ते वाढलेलं असेल तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी हवीच. टीएसएच नीट असून फक्त अँटीबॉडी असतील तर? गर्भपात झालेल्या किंवा दिवस न राहणाऱ्या अशा ९५२ बायांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली. २०१९ साली निष्कर्ष आला: गोळी घेणाऱ्यांत ३७.४ टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३७.९ टक्के बायांना मूल झालं. तरीही अँटीबॉडी पुन्हा पुन्हा मोजायला सांगतात. आकडा बदलला म्हणून उपचार बदलत नाही. बाईचा खुरपणीचा रोज मात्र जातो.

लक्ष ठेवायचं टीएसएचवर. दिवस राहिल्याबरोबर, मग अर्धे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी. गोळी चालू असेल तर उपाशीपोटी घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासाने, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. पहाटे ऊसतोडीला जाणारीला हे कसं जमणार? रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, हे तिला सांगा. आणि ‘गरम पडते’ म्हणून दिवस राहिल्यावर घरचे गोळी बंद करतात, ते होऊ देऊ नका. उलट तेव्हा डॉक्टरांना बहुधा ती वाढवावी लागते.

माझ्याकडे बाया जाडजूड फायली घेऊन येतात. त्यात सगळं असतं, फक्त नवऱ्याची वीर्यतपासणी नसते! ती साधी आणि स्वस्त तपासणी आहे. आधी ती मागा. आणि सासरच्यांना स्पष्ट सांगा, १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मूल नसणं हे घटस्फोटाचं कारण नाही, आणि पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न बेकायदा आहे. पुढच्या बैठकीला बायांबरोबर त्यांच्या नवऱ्यांनाही बोलवा, मी येईन.