बारशाचे फोटो आणि पेटंटचा घोळ

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण सुरुवात बारशापासून.

ताईने भाचीच्या बारशाचे फोटो ड्राइव्हवर टाकले. आयफोनवर काढलेले. बाबांच्या लॅपटॉपवर मीच लिनक्स टाकून दिलंय, आणि फोटो बघायला मीच लिहिलेला एक छोटा ओपन सोर्स व्ह्यूअर आहे. बाबांचा फोन आला, “अरे, चाळीस फोटो आहेत म्हणते ही. मला तर नुसते राखाडी चौकोन दिसतायत.” बघितलं तर सगळ्या फाइलींच्या शेवटी डॉट एचईआयसी.

मला वाटलं, दोन तासांचं काम. लिबहाइफ नावाची लायब्ररी आहे, एलजीपीएल लायसन्सची. जोडली, फोटो दिसले, बाबा खूश. कोड रेपोत टाकला. आठवड्याभरात एका लिनक्स डिस्ट्रोसाठी आमचं पॅकेज बनवणाऱ्या स्वयंसेवकाचा निरोप आला: हे असं असेल तर नवीन व्हर्जन आम्हाला घेता येणार नाही. कोडमध्ये बग नव्हता. लायसन्सही नीट होतं. अडचण होती पेटंटची.

इथे माझ्यासारखे बरेच जण फसतात. लायसन्स कोड लिहिणारा देतो, त्याने जे लिहिलं त्यापुरतं. समजा, पाककृतीच्या पुस्तकाची झेरॉक्स काढायला लेखिकेने आनंदाने परवानगी दिली. पण त्यातली एक पद्धत तिसऱ्याच माणसाने स्वतःच्या नावावर करून ठेवली असेल, तर तिची परवानगी काय कामाची? तुम्ही पुस्तक न बघता, स्वतःच्या डोक्याने तीच पद्धत शोधलीत तरी सुटका नाही. पेटंट असं असतं.

आता एचईआयसी म्हणजे काय, तर डबा हाइफचा आणि आत भरलेलं चित्र एचईव्हीसी या व्हिडिओ कोडेकने दाबलेलं. ॲपलने 2017 मध्ये आयओएस 11 पासून हे वापरायला सुरुवात केली. एचईव्हीसीवर ढीगभर कंपन्यांची पेटंट आहेत. बरं, एकाच खिडकीवर पैसे भरले आणि सुटलो, असंही नाही. एमपीईजी एलए, एचईव्हीसी ॲडव्हान्स, वेलोस मीडिया असे तीन वेगवेगळे गट तयार झाले होते, शिवाय कुठल्याच गटात नसलेल्या कंपन्या निराळ्या. मोठी कंपनी वकील बसवते, पैसे भरते. आमच्या प्रोजेक्टचं बँक खातंसुद्धा नाही!

त्यात माझा व्ह्यूअर जीपीएल व्हर्जन 2 चा. त्याचं 7वं कलम मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं (हो, लायसन्स लावून चार वर्षं झाल्यावर). पेटंटमुळे प्रत्येक कॉपीमागे रॉयल्टी द्यावी लागत असेल, तर तो प्रोग्राम वाटायचाच नाही, असं ते सांगतं. एमआयटी लायसन्समध्ये पेटंट हा शब्दच नाही. अपाची 2.0 मध्ये पेटंटची परवानगी आहे, पण ती कोड देणाऱ्यांच्या स्वतःच्या पेटंटपुरती. तिसऱ्याच्या पेटंटपासून तीही वाचवत नाही.

हे काही नवीन नाही. जिफ आठवतंय? तेच ते हलणारं मांजर. कॉम्प्युसर्व्हने ते 1987 मध्ये आणलं आणि आत एलझेडडब्ल्यू ही पद्धत वापरली. तिच्यावर युनिसिसचं पेटंट होतं. सगळं जग जिफ वापरायला लागल्यावर, 1994 च्या डिसेंबरात, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे लायसन्स मागितलं गेलं. लोक इतके वैतागले की त्यांनी इंटरनेटवर चर्चा करून नवा फॉरमॅटच बनवला, तो म्हणजे पीएनजी. अमेरिकेतलं ते पेटंट 2003 मध्ये संपलं. तोवर जीडीसारख्या लायब्ररीने जिफ बनवायचा कोड चक्क काढून टाकला होता.

तुम्ही म्हणाल, आपण भारतात बसलोय, आपल्याला काय? आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(के) मध्ये अल्गोरिदम आणि नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम पेटंटच्या बाहेर ठेवलाय, हे खरं. पण त्यात ‘पर से’ असे दोन शब्द आहेत, आणि त्या दोन शब्दांवर वकिलांची घरं चालतात. शिवाय डाउनलोड अमेरिकेतूनही होतं, आणि डिस्ट्रोचे सर्व्हर माझ्या गच्चीवर नाहीत.

मग एव्हीआयएफ का नाही? डबा तोच हाइफचा, आत एव्ही1. गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स वगैरेंनी रॉयल्टी नको म्हणूनच तो कोडेक बनवला. तरी सिस्व्हेल नावाच्या कंपनीने 2019 मध्ये त्यावरही पेटंटचा गट जाहीर केला. म्हणजे शंभर टक्के निर्धास्त कोणीच नाही. पण ताईचा आयफोन काही मला विचारून फॉरमॅट निवडत नाही.

शेवटी केलं काय, तर एचईआयसीचा कोड मुख्य प्रोग्राममधून बाहेर काढला. आता व्ह्यूअर सुरू होताना सिस्टमला विचारतो, बाई, तुझ्याकडे डिकोडर आहे का? असेल तर वापरतो. फेडोराही साधारण असंच करतं: त्यांच्या लिबहाइफमध्ये एचईव्हीसी नाही, तो भाग आरपीएम फ्यूजन या वेगळ्या रेपोतून ज्याचा त्याने घ्यायचा. अँड्रॉइडवर तर 9 पासून डिकोडर सिस्टममध्येच आहे, त्यामुळे ॲपमध्ये कोंबायची गरज नाही. यात जबाबदारी थोडी वापरणाऱ्यावर ढकलली जाते, हे मला पूर्ण पटलेलं नाही. पण पॅकेज परत डिस्ट्रोत गेलं.

डिकोडर नसेल तर आता राखाडी चौकोनाऐवजी मराठीत मेसेज येतो: “हा फोटो उघडायला वेगळा डिकोडर लागेल.” बाबांनी तो वाचला आणि परत फोन केला, “डिकोडर कुठे मिळतो रे?”