चूक कळविण्याचें काम



पुण्यांत १९३२ ते १९३८ या काळांत निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आपणांपैकीं कांहींच्या घरीं असेल. त्यांत शब्द शोधतांना आपण पहिल्या पानापासून वाचीत नाहीं. ग्रंथ मध्यावर उघडतों, शब्द मागें कीं पुढें हें पाहून निम्मा भाग सोडतों, आणि उरलेल्याचा पुन्हां मध्य गांठतों. संगणकहि याच रीतीनें शोधतो. जावा या संगणकभाषेच्या ‘लायब्ररी’मध्यें, म्हणजे तयार लेखनाच्या सामायिक भांडारांत, ही रीत एकदांच लिहून ठेविलेली असते आणि जगभरचे प्रोग्राम ती जशीच्या तशी वापरतात. हिंजवडीचेहि त्यांतच आले.

या लेखनांत सुमारें नऊ वर्षें एक दोष दडून होता. मध्य काढण्यासाठीं पहिल्या व शेवटच्या क्रमांकांची बेरीज करून तिचें अर्ध घ्यावयाचें, हा तर शाळेंतला हिशेब! परंतु ज्या घरांत ती बेरीज ठेवावयाची, त्यांत २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नाहीं. त्यापलीकडे गेलेली बेरीज ऋण होते. आणि उणें क्रमांकाचें पान कोठून मिळणार? प्रोग्राम तेथेंच बंद पडतो. यादी शंभर कोटींच्या पलीकडे जाईपर्यंत मात्र कांहींच बिघडत नाहीं. जॉन बेंटली यांनीं आपल्या १९८६ च्या ग्रंथांत ही रीत बिनचूक म्हणून सिद्ध केली होती. त्या लेखनांतहि हाच दोष होता.

अखेर कोणा एकाचा प्रोग्राम मोडला आणि तो प्रकार त्या वेळच्या सन कंपनीला कळविण्यांत आला. लायब्ररींतील लेखन ज्यांचें होतें, त्या जोशुआ ब्लॉक यांनीं जून २००६ मध्यें ही हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली. उपाय एका ओळीचा: बेरीज न करितां दोन क्रमांकांतील अंतराचें अर्ध पहिल्यांत मिळवावें.

पुढें जावाचा मूळ मजकूरहि सर्वांस खुला झाला. तो कोणींहि वाचावा, दोष दिसल्यास कळवावा. मात्र “चालत नाहीं” एवढेंच लिहिणें ही कुरकुर झाली. कोणती आवृत्ति वापरली, काय दिलें, काय मिळावयास हवें होतें, प्रत्यक्ष काय मिळालें, आणि तोच दोष पुन्हां दिसेल असें लहानांत लहान उदाहरण, इतकें लिहिलें म्हणजे दुरुस्त करणाराचें निम्में काम होतें.

“कोणीतरी कळविलेंच असेल” असें प्रत्येकानें म्हटलें असतें, तर ती चूक आणखी किती वर्षें तशीच राहिली असती! विद्वानांच्या दृष्टीआड राहिलेली ती चूक कळविणाराचें नांव ब्लॉक यांच्या हकीकतींत नाहीं. त्याचा उपयोग मात्र आज सर्वांस होत आहे.